विचारणाऱ्याला हवं ते मिळालं का?

सेक्टर १३, नवीन पनवेल
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय आनंदामामा,

मी भाविका, तुमच्या चुलतबहिणीची, सुमनची मुलगी. आपण शेवटचं भेटलो ते जगनदादाच्या हळदीत. स्पीकरच्या भिंतीसमोर अख्ख्या मांडवात तुम्ही एकटेच निवांत बसला होता. आई म्हणाली, आनंदाचे कान बोटी ओढणाऱ्या टगच्या इंजिनाने खाल्ले, त्याला आता हळदीचा त्रास नाही. म्हणून फोन न करता हे पत्र. हसू नका, शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय.

काम सांगते. आम्ही तिघांनी पनवेलमध्ये एक छोटी कंपनी काढलीय. इंटरनेटवरच्या फारसी पानांतून हवं ते पान शोधून देणारं साधन आम्ही बनवतो. बंदरं, बोटी, हवामान, मासळी एवढाच विषय. कुणी फारसीत विचारलं की अमुक बंदरात कोळंबीवरची बंदी कधी उठते, की यंत्राने लाखो पानांतून नेमकी दहा वर काढायची. फारसी मी चार वर्षं शिकलेय, पण पुस्तकी. किनाऱ्यावरचे लोक लिहितात ते निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. आणि आई म्हणते, तुम्ही बंदर अब्बासला बावीस वर्षं काढलीत आणि तिकडचा पेपर घडाघडा वाचता!

यंत्र बरोबर शोधतंय का हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. मी पानं छापून पोस्टाने पाठवीन. प्रत्येक पानाला एक चिठ्ठी जोडलेली असेल, तिच्यावर एकच प्रश्न: विचारणाऱ्याला हवं ते मिळालं का? शून्य म्हणजे टाकाऊ, एक म्हणजे नुसता उल्लेख, दोन म्हणजे अर्धंमुर्धं आणि तीन म्हणजे हवं तेच. तुम्ही फक्त आकडा लिहायचा. मानधन देऊ, नाही म्हणायचं नाही.

यंत्र झकास आहे, मामा. मी स्वतः बनवलंय म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनच सांगतेय.

तुमची,
भाविका


करंजा, उरण
दहीकाला

चि. भाविकाला, कानाने गेलेल्या पण डोळ्याने शाबूत मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी. अक्षर वाईट हाय. पण पत्र लिहिलंस, म्हणून माफ.

पेपर घडाघडा वाचतो हे सुमनने वाढवून सांगितलं. टगवर रोटी यायची ती जुन्या पेपरात गुंडाळून. आमचा इंजिनवाला रजब, रोटी सोडली की कागद माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, वाच, नायतर रोटी नाय. भुकेने शिकवलेली अक्षरं हायेत, विसरत नायत.

काम करतो. मानधन तुझ्याकडेच ठेव. पण माझी एक अट हाय. तुझ्या प्रश्नांबरोबर दर वेळी माझा एक प्रश्न त्या यंत्राला विचारायचा.

माझा धाकटा भाऊ हरेश. तू तेव्हा शाळेत असशील. दुबईहून मालाची लाकडी लाँच घेऊन चाबहारला निघाला, ९ डिसेंबर २०१० ला. सात माणसं होती. वाटेत वादळ झालं. १४ तारखेला त्याचा मला बंदर अब्बासला फोन आला, की चाबहारला पोचलो, सुखरूप हाय. त्यानंतर काय खबर नाय. लाँचच्या मालकाने हात वर केले, ऑफिसात खेटे घातले, कुणाच्या दप्तरात काय नाय.

त्याची बायको चंद्रावती आमच्या शेजारच्या घरात राहते. पंधरा वर्षं झाली, कपाळाला कुंकू लावते, वाट बघते. आता तिचे पण केस पांढरे झाले. तो हाय की नाय, हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि मी नुसत्या तोंडाने सांगितलेलं ती मानायची नाय. कागद पाहिजे. तू म्हणतेस यंत्र झकास, तर मग बघूया तुझं यंत्र.

तिला यातलं काय माहीत नाय. तुझ्या आईलाही सांगू नको, सुमनच्या पोटात काय राहत नाय.

आनंदा


नवीन पनवेल
२ सप्टेंबर २०२५

आनंदामामा,

आज गौरी गेल्या आणि तुमचं पाकीट आलं. चाळीस चिठ्ठ्या! कंपनीतला आमचा मिथुन म्हणाला, हे मामा आहेत की बोर्डाचे परीक्षक. चाळिसातल्या एकोणतीस पानांना शून्य! कोळंबीच्या बंदीबद्दल विचारलं आणि यंत्राने कोळंबीच्या पुलावाची कृती काढून दिली, तिथे शून्य मला मान्य आहे. तुम्ही शेजारी "पुलाव चांगला हाय" असं लिहिलंत, तेही मान्य.

पण एका गोष्टीवर मी भांडणार. वर १९८८, १९८९ अशी सालं छापलेली जेवढी पानं होती, तेवढी सरसकट शून्य. एका ओळीचंही कारण नाही. मामा, जुनं पान म्हणजे टाकाऊ पान नव्हे. कुणाला जुनीच माहिती हवी असते. तारखांचा भाग मी स्वतः लिहिलाय, त्यात बोट ठेवायला जागा नाही. इराणी सालाचं आपलं साल यंत्र आपोआप करतं. १३८९ दिसलं की २०१० असं ते बरोब्बर धरतं.

आता तुमचा प्रश्न. खरं सांगू? हरेशमामा मला अंधूक आठवतात, कुणाच्या तरी लग्नात त्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. मग बसले कामाला. चाबहार, १४ डिसेंबर २०१० आणि त्यापुढची दोन वर्षं. भारतीय खलाशी, लाँच, दवाखाना, तुरुंग, बंदरातली नोंद, सगळे शब्द घालून पाहिले. मिळालेली अकरा पानं सोबत आहेत. मला त्यात काही दिसलं नाही, तुम्ही बघा.

ऑक्टोबरच्या मध्यावर गिऱ्हाइकाला यंत्र चालवून दाखवायचं आहे. तोवर तुमचे शून्य कमी करून दाखवते, पैज.

भाविका


करंजा
सर्वपित्री

चि. भाविका,

पैज तू हरलीस. आता नीट बसून वाच.

तुझ्या २३ नंबरच्या पानावर "नसीम" नावाच्या टगची बातमी हाय. बंद पडलेली बोट ओढून बंदरात आणली. वर तुझ्या यंत्राने छापलंय १९८८. अगं बाय माझे, नसीम टग पाण्यात उतरला १९९६ साली! सात वर्षं मी त्याच्या इंजिनाला तेल पाजलं, माझे कान त्यानेच खाल्लेत. जन्माच्या आठ वर्षं आधी तो कुणाची बोट ओढणार?

मी कारण लिहिलं नाय, कारण वाटलं एवढी शिकलेली पोर, तिला कळेल. तू उलट माझ्याशीच भांडायला आलीस.

पानाच्या खाली बघ. तिथे त्या माणसाने हाताने तारीख टाकलीय, ८८/२/१४. किनाऱ्यावर सगळे असंच लिहितात. आधी साल, आणि तेही डोकं छाटून. आपण नाय का म्हणत, पंचाऐंशीला लग्न झालं? १९८५ असं पूर्ण कोण म्हणतं? तसं त्यांचं ८८ म्हणजे १३८८, आपलं २००९. तुझ्या यंत्राने चार आकडी साल दिसलं की हिशेब बरोबर केला, आणि दोन आकडी दिसलं की सरळ १९ चिकटवून टाकलं. तिकडच्या सरकारी पानांवर साल पूर्ण असतं. साध्या माणसांच्या पानांवर नसतं. म्हणजे सगळी साधी माणसं तू एकवीस वर्षं मागे ढकललीस.

आता पुढचं. हरेश गेला त्यांच्या १३८९ साली. कागदावर नुसतं ८९. तू त्याला २०१० मध्ये शोधतेस, आणि त्याची पानं तिकडे १९८९ च्या कपाटात पडलीत. समजलं?

ती अकरा पानं बघितली. त्यात तो नाय.

आज घरात सगळ्या गेलेल्यांची पानं वाढली. आयचं, बापाचं, आज्याचं. मी चंद्रावतीला विचारलं, हरेशचं एक वाढूया का? तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, जित्या माणसाचं पान वाढता, लाज नाय वाटत? मग ती जेवली नाय. मी पण नाय जेवलो.

लवकर कर.

आनंदा


नवीन पनवेल
४ ऑक्टोबर २०२५

मामा, मामा, मामा,

साष्टांग नमस्कार, आणि हा नुसता लिहायचा म्हणून नाही. तुमचं पत्र वाचलं आणि मी खुर्चीतच गार पडले. "त्यात बोट ठेवायला जागा नाही" असं कुणी लिहिलं होतं? मी. तारीख वाचणारा एक तयार कोड मिळतो, तो मी तसाच उचलला होता आणि त्याच्या पोटात काय आहे हे बघितलंच नव्हतं. आमच्या कंपनीतल्या प्रांजलने तुमचं २३ नंबरचं पान चिठ्ठीसकट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. खाली लिहिलंय, "नसीम, जन्म १९९६".

नऊ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. दोन लाख सत्तर हजार पानं चुकीच्या सालात पडली होती. कुणाचं शाळेचं पान, कुणाची मासळीबाजाराची रोजची टिपणं, कुणी नुसतंच समुद्राबद्दल लिहिलेलं. आता यंत्र आधी पान लिहिणाऱ्याकडे बघतं, मग तारखेकडे. दसऱ्याला पूजा केली ती याच यंत्राची, झेंडू वाहून. गिऱ्हाइकाला आता मी छाती काढून दाखवणार. सगळ्या चाचण्या परत लावल्या, तुमच्या जुन्या चिठ्ठ्यांवरूनच गुण काढले, जवळजवळ दुप्पट आलेत.

पण तुमचा प्रश्न जागचा हललेला नाही. चाबहार, १४ डिसेंबरनंतर, सगळी ८९ सालची पानं धरून पुन्हा शोधलं. काही नाही. मामा, आता मी जरा ऑफिसातल्यासारखं बोलते, रागावू नका. यंत्राला जेवढं सांगू तेवढंच ते शोधतं. तुम्ही मला सांगितलंत तेवढ्यात तो माणूस नाही, असं यंत्र दुसऱ्यांदा म्हणतंय. तो फोन नक्की कुठून आला? काय बोलले? नंबर चाबहारचाच होता का? मागे कुणाचा आवाज? त्यांच्या अंगावर, जवळ, ओळखू येईल असं काही? आठवेल ते सगळं लिहा. लहानसंही.

भाविका


करंजा
१० ऑक्टोबर

भाविका,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. तीन दिवस हा कागद पुढे घेऊन बसतोय.

फोन आला नव्हता.

हे एक वाक्य मी पंधरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाय. तुला लिहिलं त्यातही खोटंच लिहिलं. खोट्याची इतकी सवय झाली, की तुझ्या यंत्रालाही तेच सांगून बसलो. टगचं साल चुकलं म्हणून तुझी एवढी खेचली, आणि स्वतः मात्र तुला वाटेल त्या बंदरात फिरवत होतो.

झालं असं. वादळाची बातमी करंजाला पोचली आणि आयने, गोदूबाईने, अन्नपाणी सोडलं. चंद्रावतीला सातवा महिना. आर्यन तिच्या पोटात. गावातून मला फोन, की म्हातारी आज जाते की उद्या, काय खबर असेल तर सांग. माझ्याकडे काय खबर असणार? मी टगवर. त्या तीन दिवसांत आमी दोनदा बाहेर जाऊन बघून आलो, पाण्यावर एक फळी नाय दिसली. मी म्हटलं, सांगा म्हातारीला, हरेशचा फोन आला, चाबहारला हाय. आय उठून बसली. भात खाल्ला. चंद्रावती सुटली सुखरूप. मला वाटलं, महिन्याभरात खरं काय ते कळेल, तेव्हा सांगू. कळलंच नाय. आणि रोज उशीर होत गेला, तसं सांगायचं तोंड राहिलं नाय. आय तीन वर्षांनी गेली, ती सुखात गेली. पण चंद्रावती त्या फोनला धरून बसली. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर एकच, "फोन आला ना तुम्हाला?"

त्याला त्या लाँचवर काम लावून दिलं ते पण मीच. आता सगळं सांगून झालं.

म्हणून चाबहार सोड. १४ तारीख सोड. दुबई ते चाबहार ४० तासांची वाट. ९ ला निघाला म्हणजे वादळात तो जास्कच्या आसपास असणार. तिथे डोंगर पाण्यात उतरतो आणि लहान लहान मच्छीमार गावं हायेत. ११, १२ डिसेंबर बघ. त्यांचा आजर महिना, २०, २१ तारीख.

नाव शोधू नको. तिथे त्याचं नाव कुणाला माहीत असणार? त्याच्या गळ्यात आयने जेजुरीहून आणलेलं चांदीचं पदक होतं. घोड्यावर खंडोबा, त्याच्या पुढ्यात म्हाळसा, खाली कुत्रा. तिकडच्या माणसाला खंडोबा कळायचा नाय. तो लिहील, घोडा, बाई, कुत्रा. तेवढंच विचार.

तू मला काय समजायचं ते समज. पण शोध.

आनंदा


नवीन पनवेल
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

सोबतचं पान आधी एकट्याने वाचा. माझं पत्र नंतर.

वाचलंत? मग आता मी लिहिते.

तुम्ही सांगितलेले शब्द टाकले, चांदी, घोडा, बाई, कुत्रा, आजर ८९, आणि यंत्राने सेकंदाच्या आत हे पान पहिलं काढलं. पहिलं, मामा. जास्कच्या पुढच्या एका गावातल्या शाळामास्तरांचं जुनं पान आहे. पावसाबद्दल, मुलांच्या परीक्षांबद्दल ते लिहायचे. तारीख फक्त ८९/९/२४. महिन्याभरापूर्वीपर्यंत हे पान आमच्याकडे १९८९ मध्ये पडलं होतं. तुम्ही नसीमवरून माझी खेचली नसतीत तर ते तिथेच राहिलं असतं.

मी माझं भाषांतर केलंय, पण तुम्ही मूळच वाचा, माझी फारसी तुम्हाला ठाऊक आहे. मास्तर लिहितात, शनिवारी २० तारखेला सकाळी शाळा उघडली तर एकही मूल आलेलं नाही. सगळी किनाऱ्यावर. एक लाकडी लाँच खडकावर फुटत होती. गावच्या लोकांनी तशा वाऱ्यात दोन होड्या घातल्या. पाच माणसं आणली, चार गेलेली. पाचव्याच्या गळ्यात चांदीचं पदक होतं, घोड्यावर स्वार आणि बाई, खाली कुत्रा. तो दुपारपर्यंत होता. मास्तरांच्या आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कोमट पाणी पाजलं. ती म्हणाली, याचीही आई कुठेतरी चूल पेटवून बसली असेल. पाचही जणांना गावाने समुद्राच्या बाजूला, गावच्याच दफनभूमीत ठेवलं. कुणाचा कुठला देव हे माहीत नव्हतं, म्हणून ज्याला जी प्रार्थना येत होती ती त्याने म्हटली. पदक गळ्यातच राहू दिलं, कारण ते त्याचं होतं. लाँचवर कागदपत्र नव्हतं, तालुक्याला कळवलं, कुणी आलं नाही. शेवटी मास्तर लिहितात, कधी कुणी शोधत आलं तर सापडावं, म्हणून हे लिहून ठेवतो.

ते वाक्य वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. मामा, मी चार वर्षं हे यंत्र बनवतेय आणि ते कशासाठी हे मला आत्ता कळलं.

तुम्हाला काय समजायचं ते मी ठरवलंय. तुम्ही एका आईला भात खायला लावलात. बाकीचं मामींना ठरवू द्या. पण सांगा त्यांना, फोनचंसुद्धा. आता कागद आहे.

पानाला चिठ्ठी जोडलेली आहे, प्रिंटर आपोआप जोडतो. ती काढून टाकायची राहिली, तिच्याकडे बघू नका.

गिऱ्हाइकाने काम दिलं, तीन वर्षांचं. सांगायचं राहिलं होतं.

तुमचीच,
भाविका


करंजा
२७ नोव्हेंबर

भाविका बाय,

मी चंद्रावती, तुजी मामी. सातवीपर्यंत शिकलेय, तवा चुका काडू नको. भाऊजी म्हनाले मी लिवतो तू सांग. मी म्हटलं, तुमी पंदरा वर्सं सांगितलंत, आता माजं मी लिवीन.

तुजा कागद त्यांनी मना त्रिपुरी पुनवेला वाचून दाकवला. आदी फारशी वाचत, मंग मराठी सांगत. मास्तराच्या आयचं आलं तितं त्यांनी तेच दोनदा वाचलं. मंग फोनचं सांगितलं. मी उठले, दार लावलं. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाय. ते रोज येऊन वटीवर बसायचे, बहिऱ्या मानसाशी न बोलायचं म्हंजे काय शिक्षा गं? त्याला कुटं ऐकू येतं! पन बसायचे. नवव्या दिवशी सुकटीची चटनी केली, तवा एक वाटी पोचवली. ते ताटावर रडले.

राग गेला नाय माजा. खरं सांगते. माज्या उमरीची पंदरा वर्सं त्या एका फोनावर गेली. पन त्याच फोनावर मी उटून आर्यनला जन्म दिला, शिकवला, मासली इकली, घर बांदलं. मना ते खोटं सांगितलं नसतं तर मी तवाच समुद्राला गेले असते. हे बी खरं हाय. दोनी खरी हायेत. काय करू?

मंग मी विचारलं, तारीख काय? भाऊजींनी जुनं पंचांग मागवलं. ११ डिसेंबर, सन २०१०. मार्गशीर्ष शुद्द षष्ठी. बाय, चंपाषष्ठी. मी दर वर्साला त्याच दिवशी तली उचलते, भंडारा उदलते, खंडोबाला सांगते, माज्या मानसाला घराला आन. जवा तो त्या माऊलीच्या मांडीवर होता, तवा मी हितं पोटुशी बाय येलकोट बोलत होते. आदी वाटलं, देवानं थट्टा केली. मंग वाटलं, नाय, त्याच्या गल्यात बी तोच देव होता. दोगांकडं एकच होता.

काल चंपाषष्ठी झाली. आदी तली उचलली. मंग त्याचं पान वाडलं, आयच्या पानाशेजारी. वांग्याचं भरीत, रोडगा, कांद्याची पात. त्याला वांगं आवडायचं नाय. खाऊदे. पंदरा वर्सं जेवला नाय. कावला पान वाडायच्या आदीच कौलावर येऊन बसला होता. आर्यननं बापाला पयल्यांदा नमस्कार केला. आता दर साली करील, आता तिथी हाय आमच्याकडं.

कपालाच्या कुंकवाचं काय करायचं ते माजं मी बगीन. गावात कोन सांगायला आलं तर मी त्याला तुजा कागद वाचून दाकवीन.

आता तुज्याकडं एक काम. त्या मास्तराला तुज्या यंत्रात सोद. त्याची आय जिती आसंल तर तिला त्यांच्या भाषेत लिव, तुमी जी चूल बोलला ती करंज्याला पेटलेली होती. ती अजून पेटलेली हाय. कवा आमच्याकडं या, मी जेवायला घालीन. भाऊजी तुजं लिवलेलं तपासतील, तुजी फारशी पुस्तकी हाय म्हनतात.

कागदाला जोडलेली चिटी भाऊजींनी भरली नाय. म्हनाले, याला आकडा कसा द्यायचा? मी वाचली. विचारनाऱ्याला हवं ते मिलालं का? आता विचारनारी तर मीच होते. पंदरा वर्सं मीच विचारत होते. म्हनून मीच भरली, सोबत पाटवतेय.

तीन.

चंद्रावती